लखनच्या नावाची मूठ

डिंडोलीच्या त्या गल्लीत बास्केटबॉलबद्दल काही विचारायचं असलं तर लोक सुंदराबाईंच्या ओट्याकडे बोट दाखवतात. ओट्यावर मांडीवर साडी पसरून, तिच्या काठाला टिकल्या चिकटवत एक पन्नाशी ओलांडलेली बाई बसलेली असते. सुरत शटल्स यंदा कितवे आले, असं कुणी विचारलं की हातातली टिकली आधी नीट बसवायची आणि मग सांगायचं, ही तिची रीत. "तिसरे आले. पण बडोद्याशी दोनदा हरले, ते हरायला नको होते." विचारणारा हसतो. हसू दे बापड्याला. रोज कुणीतरी ओट्यापाशी थांबतं, हेच तिला पुष्कळ.

कारण त्याआधी कुणी थांबत नव्हतं. सुंदराचा नवरा हिलाल पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होता. घर वर एक खोली चढवून झालं, एकुलती एक मुलगी गायत्री बारडोलीला दिली, आणि आता दोघं निवांत बसू म्हणेपर्यंत हिलाल ताप डोक्यात जाऊन गेला. वरची खोली बंदच राहिली. सुंदरा सकाळी भाजी करायची तीच संध्याकाळी खायची, आणि दिवसभरात तिचा आवाज घरात कुणी ऐकत असेल तर तो दूधवाला.

अशा घरात शटल्सचे मॅनेजर जिगरभाई खोली बघायला आले. त्यांना खेळाडूंना ठेवायला स्वस्तातली जागा हवी होती. त्यांच्या मागे एक माणूस दारात वाकला, आत आला, आणि आल्यावरही वाकलेलाच राहिला.

"सरळ उभा राहा की रे बाबा," सुंदरा म्हणाली.

"राहतो मावशी. आधी पंखा कुठं आहे ते बघू द्या."

हा लखन. परभणीकडचा, साडेसहा फुटांना दोन बोटं कमी. हातात एकच बॅग, आणि गुडघ्याला चढवायचे पट्टे बॅगेत मावत नव्हते म्हणून गळ्यात. जेवणासकट राहायचं ठरलं. त्या रात्री पहिल्यांदा सुंदराने कणीक मळताना थांबून विचार केला की किती मळू. असा विचार करायची वेळ तिच्यावर किती दिवसांनी आली होती!

हळूहळू जेवता जेवता तिला त्याच्या खेळातलं कळायला लागलं. म्हणजे चेंडू कसा टाकतात ते नव्हे, ते तिने टीव्हीवर पाहून घेतलं. तिला रस होता तो माणसांच्या देवाणघेवाणीत.

"म्हणजे नागपूरवाल्यांनी तुला हैदराबादला देऊन टाकलं?"

"दिलं. माझ्या बदल्यात त्यांची दोन पोरं घेतली."

"साटंलोटंच झालं की हे. आमच्याकडे पूर्वी असंच, तुमची लेक आम्हाला, आमची तुम्हाला. तुला आधी विचारलं होतं?"

"कुणी विचारतंय मावशी? आम्ही बसने रायपूरला मॅचला चाललो होतो. धाब्यावर जेवायला बसलो होतो. मॅनेजर आला अन् म्हणाला, लखन, तुझी बॅग खाली काढ. दुसरी गाडी यायलीय."

"जेवण झाल्यावर ना?"

"कुठलं. दुसरी भाकरी हातात होती."

सुंदराने चमचा पातेल्यात आपटला. "जेवत्या माणसाला उठवलं? कोण मेला तो मॅनेजर?" नागपूरच्या संघावर तिचा राग जडला तो तिथून. शटल्स नागपूरशी खेळायचे त्या दिवशी ती टीव्हीसमोर बसून बोटं मोडायची. पुढे हैदराबादनेही लखनला असंच कुणाच्यातरी बदल्यात सुरतेला दिलं होतं. पण तिथला मॅनेजर निदान सकाळी उठवून बोलला, म्हणून हैदराबादला माफी होती.

एक नियम मात्र तिला फार आवडला. लीगमधल्या कुठल्याच संघाला खेळाडूंवर वाटेल तेवढा पैसा उधळता येत नाही, सगळ्यांना एकच मर्यादा. आणि दरवर्षी जी नवी पोरं खेळायला येतात, त्यांतून पहिलं पोरगं निवडायचा मान सगळ्यात शेवटी आलेल्या संघाचा.

"म्हणजे हरणाऱ्याला पहिलं ताट?"

"हां. नाहीतर श्रीमंताचाच संघ दरवर्षी जिंकंल, अन् मग बघायला कोण येईल?"

"खरं आहे. शहाण्या माणसाने केलाय हो नियम. आमच्या पंगतीत सगळं उलटं. जावयाला पहिलं वाढा आणि गडीमाणसाला तळ खरवडून."

तीन हंगाम असे गेले. दारात दोन होड्यांसारख्या चपला, वरच्या खोलीत फरशीवर चेंडू आपटल्याचा आवाज, आणि "मावशी, आज काय?" ही हाक. लखन आला तेव्हा अठ्ठावीसचा होता, आता एकतिसाव्यात होता. एकदा त्याने पास आणून दिला तेव्हा सुंदरा हॉलवर सामना बघायला गेली, मग जातच राहिली. सगळे चेंडूकडे बघायचे, ती लखनकडे. म्हणून तिला जे दिसलं ते बाकीच्यांना उशिरा दिसलं. शटल्सने पंजाबातून बावीस वर्षांचा एक उंच पोरगा आणला होता, आणि आता मधल्या जागेवर तोच खेळायचा. लखन बाकावर. कोचने हाक मारायच्या आधीच तो दोनदा उठून जागेवर हलकी उडी मारून घ्यायचा, पाय गरम राहावेत म्हणून. हाक यायची नाही. मग तो खाली बसायचा आणि टॉवेलची नीट घडी घालायचा. एवढी नीट घडी त्याने घरी कधी कशाची घातली नव्हती.

यंदा उन्हाळ्यात लखनचा करार संपला, आणि एक दिवस तो जिन्यावर बसून म्हणाला, "मावशी, मी आता मोकळा झालो."

"मोकळा म्हणजे? सोडचिठ्ठी दिली का काय?"

"नाही हो. आता मला कुणी उचलून कुणाला देऊ शकत नाही. मी म्हणंन त्या संघात जायचं. इतके वर्षं स्थळं मला बघत होती, आता मी स्थळ बघायचं."

"मग बघ की. सुरत काय वाईट आहे?" सुंदरा हसत म्हणाली. पण त्या दिवशी तिने एका साडीच्या काठावर टिकल्यांची ओळ वाकडी लावली, आणि ती ओळ उचकटून पुन्हा लावावी लागली.

शटल्सचे शेठ त्याला ठेवायला तयार होते. बाकावरचा जुना माणूस म्हणून, तेवढ्याच पैशात. आणि दुसरं बोलावणं इंदूरचं होतं. इंदूर गेल्या हंगामात तळाला होतं. त्यामुळे पहिली निवड त्यांची, आणि त्यांनी केरळचा एक नावाजलेला पोरगा उचलला होता. मर्यादेतला पैसाही त्यांच्याकडे शिल्लक होता. आता त्यांना त्या पोरांच्या मध्ये उभा राहील असा एक जाणता माणूस पाहिजे होता. ज्या नियमाचं तिने ताटावर बसून कौतुक केलं होतं, तोच नियम आता तिच्या जिन्यावरून वर चढला होता.

लखनने उत्तर द्यायची मुदत ठरली श्रावणातल्या एका रविवारी संध्याकाळची. आणि नेमकी त्याच रविवारी सुंदराच्या घरी कानबाई बसणार होती.

कानबाई म्हणजे खानदेशी माणसाच्या घरची देवी. गाव सुटलं, शेत सुटलं, पण सुरतेत आलेल्या खानदेश्याने कानबाई सोडली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला साडी नेसवून, दागिने घालून तिला बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, आणि सोमवारी तापीवर पोहोचवायचं. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, वेगळे असतात. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा शेर गहू घ्यायचे. आधी नाव घेऊन एक मूठ टाकायची, मग बाकीचं माप. गिरणीवालाही त्या दिवशी गिरणी धुऊन फक्त रोटाचंच दळण घेतो. त्या पिठाचे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. पौर्णिमेपर्यंत सगळं पीठ संपवायचं. लेक एकदा परक्या घरी दिली की तिलाही आईच्या घरचा रोट चालत नाही. गायत्री त्या दिवशी यायची तर तिच्यासाठी वेगळी कणीक मळावी लागायची.

हिलाल थोरला, म्हणून देवी त्याच्या घरी. तो गेल्यावरही त्याचा धाकटा भाऊ पंडित, जो चलथाणच्या साखर कारखान्यात आहे, बायको सरस्वती आणि दोन मुलं घेऊन दरवर्षी सुंदराकडे येत होता. घर सुंदराचं, देव्हारा सुंदराचा, परात सुंदराची. पण त्या घरात पुरुष नाही, म्हणून मुठी पंडितच्या घरच्या. नाव घेऊन मूठ टाकायचा मानही आता सवाष्ण म्हणून सरस्वतीचा. सुंदरा शेजारी बसून गहू निवडायची.

शनिवारी दुपारी नव्या फडक्यावर गहू पसरले. सरस्वतीने डोक्यावरचा पदर नीट केला. "ही धर्मेंद्रच्या बाबांची," ती म्हणाली. "ही धर्मेंद्रची. ही गजेंद्रची." आणि हात झटकून माप घ्यायला वळली.

सुंदराने हात पुढे केला. गव्हात बोटं बुडवली, मूठ भरली. "ही लखनची."

सरस्वती रागावली की शुद्ध बोलणं सोडून अहिराणीत शिरते. "काय वं ताई! हाई काय कयं? भाडोत्रीना नावनी मूठ?"

"तो घरात राहतो. घरात जेवतो."

"गल्लीतलं कुत्रंबी जेवस. त्यानी मूठ टाकशी का?"

"सरस्वती!"

"खोटं नही सांगस मी. तो काय आपला भाऊबंद शे? उद्या उठीसन चालना गया तर? ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने रोट नाही खाल्ला, तर चांगलं नसतं ताई. तुला माहीत नाही का?"

"तो जात नाही," सुंदरा म्हणाली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आठवडाभर ती एक गोष्ट मनात घोळवत होती. लखनची जात तिने ओळखली होती. परभणीची नव्हे, मनाची. हा माणूस ज्याच्या घरचं जेवला त्याच्याशी बेइमानी करणार नाही. त्याच्या नावाची मूठ पडली, त्याने रोट खाल्ला, की तो घरचा झाला. आणि घरचा माणूस मग इंदूरला कशाला जाईल? बाकावर बसेल, बसू दे. बाक सुरतेत आहे.

दारात पंडित चपला काढत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "राहू दे," तो बायकोला म्हणाला. "दादा गेल्यापासून या घरची मूठ पडली नव्हती. आज पडली. मोज वहिनीच्या घरचं म्हणून."

सरस्वतीने चौथं माप मोजलं. पण शीग न करता, काठोकाठ सपाट.

रविवारी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. देवी बसली, गल्लीतल्या बायका येऊन हळदीकुंकू वाहून गेल्या, शेगडीवर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, कटाची आमटी. सुंदरा रोट लाटत होती आणि मध्येच जिन्याकडे बघत होती. दुपारी पंडित आणि मुलं जेवून ओट्यावर गेली, सरस्वती देवीपाशी गाणाऱ्या बायकांत बसली, तेव्हा लखन खाली आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वयंपाकघराच्या दारात वाकला आणि भिंतीला टेकून खाली बसला. पाय पसरले तर ते गॅसच्या टाकीपर्यंत पोचले.

"मावशी, पंडितकाका सांगायलेत, माझ्या नावाची मूठ टाकली म्हणून."

"टाकली."

"मग मी रोट खाल्ला की घरचा झालो म्हणे." तो हसला. ते हसू सुटका झालेल्या माणसाचं होतं. "बरं झालं बघा. मला तर काही ठरवताच येईना. दोनदा लोकांनी मला उचलून ठेवलं, तेव्हा मी त्यांना शिव्या दिल्या. आता माझं मला ठरवायचंय तर रात्रभर झोप नाही. तुम्ही म्हणाल ते करतो. वाढा तुम्ही."

तव्यावर रोट फुगत होता. सुंदराच्या मनात आलं, देवीने ऐकलं. फक्त ताट पुढे करायचं होतं. काही बोलायचंही नव्हतं.

पण बाई जात्याच चौकस. तिने तोंड उघडलं ते नुसतं विचारायला. "इंदूरवाले तुला काय म्हणतात रे नक्की?"

"काही नाही. तिथं सगळी पोरंच आहेत. एकाला पण पाय कुठं रोवायचा ते कळंना." आणि लखनने बसल्या जागी पोळपाटाभोवती सांडलेल्या पिठात बोट ओढलं. "हे बघा, ही टोपली. केरळचं पोरगं इकडून घुसतं, लई वेगात. पण त्याच्यासाठी इथं कुणीतरी उभा पाहिजे, माणूस अडवायला. तो नाही, म्हणून ते दरवेळी पडतं. कोच म्हणाला, लखन, तू नुसता मध्ये उभा राहा आणि ओरड. तू ओरडलास की ती ऐकतील. अन् मावशी, या दुसऱ्या पोराचा डावा हात..."

तो बोलत राहिला. तिच्या पिठात त्याने अख्खं मैदान काढलं, पोरं उभी केली, हलवली. एकाला दटावलं, एकाचं कौतुक केलं. खांदे सरळ झाले होते त्याचे. या बसक्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदाच डोक्यावरच्या फळीचा विचार न करता बसला होता. सुंदरा बघत होती. हॉलमध्ये बाकावर बसून टॉवेलची घडी घालणारा माणूस तिने वर्षभर पाहिला होता. हा माणूस तिने किती दिवसांत पाहिला नव्हता! आणि हा तिच्याकडे मागत काय होता? की मला पुन्हा एकदा उचल, आणि तुला वाटेल तिथे ठेव.

तव्यावरचा रोट करपला. तिने तो काढून बाजूला ठेवला.

मग ती उठली. फळीवरून लाटायला रोजच्या पिठाचा डबा काढला. गायत्री आली तर असावी म्हणून सकाळी मळलेली साधी कणीक झाकून ठेवलेली होती, तिचा गोळा तोडला. पोळी लाटली, भाजली, तूप घातलं. ताटात गंगाफळाची भाजी, आमटी, खीर रोटाबरोबरची म्हणून तिच्या जागी गूळ, आणि साधी पोळी. ताट लखनसमोर ठेवलं.

लखनने ताटाकडे पाहिलं, परातीतल्या रोटांकडे पाहिलं. "रोट?"

"तो आमच्या घरच्यांचा असतो रे," सुंदरा म्हणाली. आवाज तिने सपाट ठेवला, काल सरस्वतीने माप ठेवलं होतं तसा. "तू पाहुणा. पाहुण्याला चालत नाही."

"पण मूठ..."

"चुकून टाकली. जेव. गार होतंय."

लखनचा चेहरा लहान मुलाचा व्हावा तसा झाला. साडेसहा फुटांच्या माणसाचा तसा चेहरा बघवत नाही. त्याने पोळीचा तुकडा मोडला, चावत राहिला. पलीकडच्या खोलीत बायकांनी गाण्याचा सूर वर नेला होता. सुंदराने त्याला दुसरी पोळी वाढली, तिसरी वाढली. तो नको म्हणाला नाही, हवीही म्हणाला नाही. ताट स्वच्छ करून, ते स्वतः विसळून, वाकून तो वर गेला. संध्याकाळी दिवेलागणीला खाली येऊन तो देवीच्या पाया पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इंदूरला हो म्हणालो."

"अरे वा! पेढे कुठाहेत?" पंडित म्हणाला, आणि लगेच वहिनीकडे वळला. "मग वहिनी, मूठ...?"

"नाही खाल्ला त्याने," सुंदरा म्हणाली. "मीच नाही दिला."

सरस्वतीने उठून देवीपुढची समई सारखी केली. "नाव घेऊन मूठ पडली ताई," एवढंच ती हळू म्हणाली. "आता ते पीठ कुणीतरी संपवायला पाहिजे. नाहीतर पोराच्या पायाखाली काही यायचं."

"संपवते मी."

सोमवारी वाजतगाजत कानबाई तापीवर गेली. पंडितने गाडी आणली होती, निघताना सरस्वतीने रोटाचं पीठ वेगळं केलं. तिघांचं तिने आपल्या डब्यात भरलं. चौथ्याचं सुंदराच्या परातीत ठेवलं.

"सगळंच नेतो वहिनी," पंडित म्हणाला. "आमच्याकडे चार तोंडं आहेत. तुम्ही एकट्या किती खाणार?"

"नको. ते या घरचं आहे."

"हट्टी आहे ही," सरस्वती गाडीत बसत म्हणाली. मग काच खाली करून, "ताई, दुधात कुस्कर. कोरडा घशात अडकतो."

लखनला दोन दिवसांत निघायचं होतं. त्या दोन दिवसांत तो जेवायला खाली आला, पण "मावशी, आज काय?" म्हणाला नाही. समोर येईल ते खाल्लं. सुंदराच्या जिभेवर कितीदा आलं की सांगावं. अरे, तुला मी पाहुणा केलं ते का केलं? पण सांगितलं तर तो जायचाच नाही, किंवा गेला तरी अर्धा इथेच राहील, हे तिला कळत होतं. त्या मधल्या जागेवर अर्धा माणूस उभा राहून काय कामाचा? ती दोन वेळा त्याच्यापुरती साधी कणीक मळायची, आणि तो वर गेला की स्वतःसाठी रोट लाटायची.

निघताना तो पाया पडायला वाकला. वाकायची सवय त्याला या घराने लावली होती. "पुढच्या हंगामात इंदूरची मॅच असंल सुरतला," तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला. "येऊ का जेवायला?"

"ये की. पाहुण्याला दार उघडंच आहे."

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती ओट्यावर उभी होती. मग आत येऊन ती अंधारात पाणी प्यायली. शेजारची बाई विचारत आली, "गेला का तुमचा उंट?" सुंदरा म्हणाली, "गेला." शेजारीण बसायला आली होती, पण सुंदराने साडीचा गठ्ठा पुढे ओढला, तेव्हा ती उठून गेली.

पौर्णिमा जवळ आली तसं काम अवघड झालं. सव्वा शेराचं पीठ एका बाईला थोडं नसतं. सकाळी रोट, दुपारी रोट, रात्री दुधात कुस्करलेला रोट. पोट भरलं तरी ती खात होती. तापीत सोडून द्यायची रीत आहे, राहिलंच तर. तिने सोडलं नाही. लखनच्या पायाखाली काही येऊ नये, एवढाच तिचा हिशेब. टीव्ही ती लावत नव्हती. गायत्रीचा बारडोलीहून फोन आला. "आई, काय जेवतेस?" "रोट." "अजून? मी येऊ का मदतीला?" आणि मग दोघींनाही आठवलं की गायत्रीला तो चालत नाही, आणि गायत्री म्हणाली, "बरं, आमटी तरी कर गं त्याच्याबरोबर."

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी जिगरभाईंचा फोन आला. ते नेहमीसारखे घाईत होते. हैदराबादशी अदलाबदल झाली, एक नवा खेळाडू उद्याच येतोय, चांगला मुलगा आहे, शाकाहारी आहे. खोली रिकामी आहे ना, असं ते त्यांच्या गुजरातीत विचारत होते. "माशी, रूम खाली छे ने?"

सुंदराच्या मांडीवर ताट होतं. परातीच्या तळाला अजून पीठ होतं, आजच्या दोन आणि उद्याच्या एका रोटापुरतं.

"हमणां नथी, जिगरभाई," तीही गुजरातीतच म्हणाली. "पूनम पछी मोकलजो. हजी घर खाली थयुं नथी." पौर्णिमेनंतर पाठवा, घर अजून रिकामं झालेलं नाही.

फोन बाजूला ठेवून तिने पुढचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, आणि तो मऊ होईपर्यंत वाट बघत बसली.